चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

वाचकांचे प्रश्न, शिवणवाल्या काकूंची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते: शिलाई महाग वाटली तर शिवणाऱ्या बाईला हिशेब विचारा, उपमा देऊ नका. त्यावर पत्रं आली. हिशेब एकानंही विचारला नाही. उपमा मात्र पोतंभर. कोंबडी आली, एसटी आली, डॉक्टर आला, पिकासो आला. मी डोंबिवलीत ३१ वर्षं ब्लाऊज शिवले आणि २०२२ मध्ये दुकान आवरलं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेल्या उपमांचं एक गाठोडं माझ्याकडेही आहे, आणि त्यातल्या काही मी स्वतःही फेकून मारलेल्या आहेत. तेव्हा या वेळी सगळी पत्रं त्याच विषयाची घेतली.

प्रश्न : रोजच्या वापरातल्या साड्यांवर मॅचिंग रुबिया घेतलं, मीटरभर, १५० रुपयांचं. शिलाई अस्तरासकट ६५०. मी म्हटलं, "अगं बाई, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" ती हसली, पण दहा रुपयेसुद्धा कमी केले नाहीत. रेडिमेड ब्लाऊज ३५० ला मिळतो. माझं काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : म्हण चुकली नाही, कोंबडी ओळखण्यात चूक झाली.

ही म्हण म्हणते की मूळ वस्तूपेक्षा तिच्यावरचा खर्च जास्त नसावा. पण ब्लाऊजमध्ये मूळ वस्तू कोणती? मीटरभर रुबिया अंगाला गुंडाळून कोणी हळदीकुंकवाला जात नाही. आणि शिलाई कापडाच्या किमतीच्या हिशेबानंच द्यायची असेल, तर महागड्या साडीतला ब्लाऊजपीस आणाल तेव्हा मला चौपट शिलाई द्याल का? ३१ वर्षांत तशी तयारी कोणी दाखवली नाही. कापड स्वस्त असलं की म्हण आठवते, महाग असलं की "शिवायला वेळ तर तेवढाच लागतो ना" हे आठवतं.

आता हिशेब, तुम्ही विचारला नाहीत तरी. दुकान बंद केलं त्या वर्षी अस्तराच्या ब्लाऊजला मी ५५० घेत होते. त्यातले २०० मशीनवर बसणाऱ्या कारागिराला, नगावर. अस्तर, हुक, दोरा, पायपिंग मिळून ८०. भाडं आणि वीज महिन्याला साडेपंधरा हजार, आणि सरासरी १७० ब्लाऊज जायचे, म्हणजे एकामागे ९० च्या वर. राहिले १८० च्या आसपास. त्यात मापं घेणं, बेतणं, ट्रायल, आणि घरी गेल्यावर "काकू, मुंढ्यात जरा घट्ट होतंय" म्हणून परत आलेला ब्लाऊज उसवून देणं, हे माझं. १७० ही सरासरी आहे हेही लक्षात घ्या. लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालायची आणि पितृपक्षात नि पौषात तिच्यावर धूळ बसायची.

रेडिमेडचं म्हणाल तर ज्यांना बसतो त्यांनी जरूर घ्यावा. माझी धाकटी बहीण घेते. पण तो ३४, ३६, ३८ अशा आकड्यांसाठी शिवलेला असतो. तुमचा एक खांदा जरा उतरता आहे हे त्या आकड्याला माहीत नसतं.

आणि एक गोष्ट सांगते, ती हिशेबात बसत नाही. २००४ मध्ये एका बाईंनी पैठणीचा ब्लाऊजपीस आणला. बाहीला काठ लावायचा होता. काठावर मोर. मी घाईत कापड उलटं घडी घातलं आणि दोन्ही बाह्या बेतल्या. शिवून इस्त्री करून हँगरला लावला तेव्हा दिसलं, दोन्ही बाह्यांवरचे मोर डोकं खाली, पाय वर. पैठणीचा ब्लाऊजपीस साडीबरोबरच विणलेला असतो, दुकानात जाऊन मीटरभर आणखी आणता येत नाही. बाई ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता?" मी शिलाई घेतली नाही, वर पैसे दिले. पण कापड कुठून देणार? भावाच्या लग्नात त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन वावरल्या, हे मला नंतर तिसऱ्याच बाईकडून कळलं.

त्या दिवसापासून मी पैठणीला जास्त घ्यायला लागले. शिवायला वेळ खरंच तेवढाच लागतो. जास्तीचे पैसे कात्री लावण्याआधी कापड चार वेळा उलटंसुलटं करून बघण्याचे, आणि चुकलं तर माझ्या अंगावर येणार त्याचे.

तुमच्या शिंपिणीच्या ब्लाऊजचा गळा एका बाजूला ओढत असेल, हुकाची पट्टी वाकडी असेल, तर ६५० अजिबात देऊ नका. दुरुस्त करून मागा, फुकट. तिथे तुमचा हक्क आहे.

प्रश्न : वय ६८, निवृत्त शिक्षक. माझ्या डोक्यावर केस उरलेत ते कानामागे आणि मानेवर. तरी सलूनवाला पूर्ण १०० रुपये घेतो. एसटीत मला अर्धं तिकीट आहे, मग इथे पूर्ण का? माझे आजोबा सांगत, गावात नाभिक घरी येऊन वर्षभर हजामत करायचा आणि सुगीला खळ्यावरून पायल्या घेऊन जायचा. कसली कुरकुर नव्हती. – एक वाचक, वाई

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या ह्यांनी टाळी दिली. त्यांचंही डोकं तुमच्याच पंक्तीतलं.

पण एसटीची उपमा तुमच्यावरच उलटते. अर्धं तिकीट काढता म्हणून तुम्ही अर्ध्या बाकावर बसत नाही. जागा पूर्ण अडते, डिझेल पूर्ण जळतं. उरलेले अर्धे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं. तुमच्या डोक्याचं उरलेलं अर्धं सलूनवाल्याला कोण भरून देणार? खुर्ची अडलेली असते, नवं ब्लेड लागलेलं असतं, आणि कानामागची रेघ सरळ काढणं हे भरल्या डोक्यावर कात्री चालवण्यापेक्षा नाजूक काम आहे. तिथं त्वचा सैल असते. आमच्या ह्यांच्या मानेवर एकदा रक्त निघालं होतं, म्हणून माहीत.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहेच. "फक्त मागचं आणि कानावरचं, किती घेशील?" असं बसण्याआधी विचारा. दहा मिनिटांचं काम असेल तर बरेच जण कमी करतात. बसून, कापून, आरशात बघून झाल्यावर मात्र एसटी काढू नका.

बलुत्याबद्दल. कुरकुर नव्हती हे तुमच्या आजोबांनी सांगितलं. त्या नाभिकाच्या आजोबांना विचारायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तो सौदा माणसामाणसातला नव्हता, जातीनं ठरलेला होता. दर पटला नाही म्हणून त्याला धोपटी गुंडाळून दुसऱ्या धंद्याला लागता येत नव्हतं. पाऊस पडला नाही, खळं रिकामं राहिलं, तर हजामत वर्षभर झालेली असायची आणि पायल्या मात्र आटायच्या.

एक गोष्ट त्यात मला शहाणपणाची वाटते. मोबदला धान्यात होता. ज्वारी महागली काय, स्वस्त झाली काय, पायलीची पायलीच राहायची. नोटेचं तसं नाही. म्हणून तुमच्या पेन्शनीवर महागाई भत्ता मिळतो, आणि तो वाढायला उशीर झाला की पेन्शनरांच्या कट्ट्यावर काय बोलणी होतात ती मी ऐकलेली आहेत. सलूनवाल्यानं ८० चे १०० केले तो त्याचा महागाई भत्ता. ही उपमा माझी. हिच्यातही भोक आहे, आणि ते त्याच्या बाजूचं आहे: तुमचा भत्ता गिऱ्हाईक आलं नाही तरी जमा होतो.

"बाकी वस्तू स्वस्त झाल्या, कटिंगच का महागतं" असंही तुम्ही पत्राच्या समासात लिहिलंय. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हेच वाद्यवृंदाबद्दल मांडलं. कारखान्यात तासाला निघणारा माल वाढत जातो. पण चार वादकांची रचना वाजवायला आजही चार वादक आणि तेवढाच वेळ लागतो. पगार मात्र त्यांनाही बाहेरच्या जगाबरोबरच द्यावा लागतो. सलूनच्या खुर्चीत एका वेळी एकच डोकं बसतं गुरुजी, केस असोत वा नसोत.

प्रश्न : माझं छोटं पार्लर आहे. आयब्रोचे ५० घेते. एक ताई म्हणाल्या, "पाच मिनिटांचे पन्नास, म्हणजे तासाला सहाशे! माझा नवरा इंजिनिअर असून एवढे कमवत नाही." मी त्यांना चित्रकार पिकासोची ती गोष्ट सांगितली: पाच मिनिटांच्या चित्राचे एवढे पैसे का, असं कोणी विचारतं आणि तो म्हणतो, त्यामागे चाळीस वर्षं आहेत. आणि म्हटलं, डॉक्टर पाच मिनिटं बघून पाचशे घेतो तेव्हा गप्प बसता ना? त्या परत आल्याच नाहीत. – एक पार्लरवाली, कोल्हापूर

उत्तर : त्यांचं गणित चुकलं होतं आणि तुझ्या दोन्ही उपमा. त्यामुळे गिऱ्हाईक गेलं.

आधी त्यांचं. तासाला सहाशे तेव्हा होतील, जेव्हा दर तासाला बारा बायका रांगेत उभ्या असतील, सकाळी दहा ते रात्री आठ. आमच्याकडे रिक्षाचं मीटर २६ रुपयांपासून सुरू होतं, पहिल्या दीड किलोमीटरला. म्हणून कोणी असं म्हणत नाही की हा दिवसभर दर पाच मिनिटांना २६ कमावतो. स्टँडवर उभा असलेला तासही त्या २६ मध्ये असतो. एवढं सांगितलं असतंस तरी पुरलं असतं.

आता तुझं. पिकासोची ती गोष्ट मला दर महिन्याला कोणी ना कोणी पाठवतं. कधी कागदी रुमाल असतो, कधी बाजारातली बाई असते, रक्कम दर वेळी वेगळी. खरी असावी असं मला वाटत नाही. तशीच एक खरी आहे आणि कोर्टात घडलेली आहे. १८७८, लंडन. रस्किन या समीक्षकानं आदल्या वर्षी व्हिसलर या चित्रकाराबद्दल लिहिलं होतं की लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं भिरकावण्याचे हा दोनशे गिनी मागतो. व्हिसलरनं अब्रूनुकसानीचा दावा लावला. समोरच्या वकिलानं विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी? तो म्हणाला, नाही, आयुष्यभराच्या कामातून जे ज्ञान मिळवलं त्याचे. मला हे माझ्या भाच्यानं सांगितलं, तो वकिली शिकतोय. मी म्हटलं, वा! मग त्यानं पुढचं सांगितलं. व्हिसलर जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. आणि पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं.

तुझ्या ताईंसारखंच झालं की. वाद तू जिंकलीस.

डॉक्टरची उपमा मीही वापरायचे. एक गिऱ्हाईक सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. शिलाईवरून घासाघीस चालली होती. मी म्हटलं, "डॉक्टरशी अशी घासाघीस करता का हो?" त्या शांतपणे म्हणाल्या, "औषध लागू पडलं नाही तरी डॉक्टर फी घेतो. ब्लाऊज बसला नाही तर तू शिलाई घेशील?" मी म्हटलं, छे, उसवून देईन परत. "मग कशाला डॉक्टरचं नाव काढतेस? तुझं तू सांग ना."

तुझं तू सांग. भुवई हे सगळ्यांना दिसणारं ठिकाण आहे, एक केस जास्त गेला तर उगवायला काही आठवडे जातात. दोरा कुठल्या केसाला थांबवायचा हे तुझ्या बोटांना कळतं. एका भुवईत जुन्या टाक्याची खूण असेल तर दुसरी किती ठेवायची तेही कळतं. कोल्हापुरात एवढं कळायला पिकासो लागत नाही. आणि त्या ताईंना एक फोन कर. दराचा विषय काढू नकोस.

प्रश्न : २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. गिऱ्हाइकं म्हणतात, शॅम्पू स्वस्त झाला, साबण स्वस्त झाला, तुम्ही का नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही बिलात जीएसटी लावत होता का, एवढाच प्रश्न आहे. सेवेचा धंदा वर्षाला २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल, तर तुम्ही १८ टक्के कधी घेतलेच नव्हते, मग कमी काय करणार? शॅम्पूची बाटली स्वस्त झाली ती तुम्हालाही, म्हणून हेअर वॉशचे दहा-वीस कमी केलेत तर शोभेल, पण ती तुमची मर्जी. नोंदणी असेल तर कमी केलेला कर गिऱ्हाइकाला दिसलाच पाहिजे. मात्र नव्या ५ टक्क्यांत खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे पूर्ण १३ टक्के तुमच्या हातात शिल्लक राहतात असंही नाही. जुनं बिल आणि नवं बिल शेजारी ठेवून दाखवा.

प्रश्न : माझी आई पुण्यात चार घरी पोळ्या करते. पत्र मी लिहितेय, ती सांगतेय. एका घरी चार माणसांच्या रोज वीस पोळ्या, रविवारी सुट्टी, महिन्याला २,५००. तीन वर्षं वाढ नाही. आईनं ५०० वाढवून मागितले, तर काकू म्हणाल्या, "तू आम्हाला घरच्यासारखी. मी मुलांना एवढी वर्षं पोळ्या करून घातल्या, कधी पैसे घेतले का?" आईला उत्तर सुचलं नाही. काकू वाईट नाहीत. माझ्या दहावीची पुस्तकं त्यांनी घेऊन दिली. – पुणे

उत्तर : या सगळ्या पत्रांत हीच उपमा सगळ्यात अवघड, कारण ती देणाऱ्या बाईचं मन चांगलं आहे. कोंबडीला उत्तर देता येतं. "घरच्यासारखी"ला उत्तर दिलं की आपणच कृतघ्न ठरतो.

आधी आकडे. वीस पोळ्या, २६ दिवस, म्हणजे ५२० पोळ्या. २,५०० ला त्या पडतात एकेक पाच रुपयांच्याही आत. ३,००० झाले तर पावणेसहाला. आता आई म्हणेल की पोळीभाजी केंद्रात एक पोळी १० रुपयांना मिळते. ही उपमा आपल्या सोयीची आहे म्हणून तशीच उचलू नका. त्यांची कणीक, त्यांचा गॅस, त्यांचा गाळा. किलोभर कणकेच्या माझ्या हातच्या तीस पोळ्या होतात. कणीक ४५ रुपये किलो धरली तर पोळीला दीड रुपया, तेल-गॅसचा आणखी एक. राहिले साडेसात, त्यात गाळ्याचं भाडं आणि बांधून देण्याचा कागद. हे सगळं वजा करूनही पावणेसहा जास्त होत नाहीत. काकूंच्या घरात कणीक त्यांची आणि गॅस त्यांचा, म्हणून १० कोणी मागत नाही. आईनं मागितलेलं रास्त आहे.

आता घरचं. काकूंनी मुलांना पोळ्या केल्या तेव्हा शेवटची गरम पोळी त्यांनी स्वतः त्याच घरात बसून खाल्ली. मुलं मोठी झाली ती त्यांचीच. तुझी आई वीस पोळ्या करून डबा झाकते, पुढच्या घरी जाते, आणि चार घरांच्या पोळ्या लाटून आल्यावर स्वतःच्या घरी परत परात घेऊन बसते. हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवायचं नाही. हे तुझ्या आईनं स्वतःशी नीट धरून ठेवायचं आहे, म्हणजे पुढच्या वेळी तोंडातून शब्द फुटेल.

पुस्तकांचं ऋण आहेच. ते तू फेडशील, निकालाचे पेढे घेऊन जाशील, त्यांच्या नातवाला गणित शिकवशील. मसाल्याच्या डब्यात हळद आणि मोहरी एकाच झाकणाखाली असतात, वाट्या वेगळ्या. पुस्तकं एका वाटीत, पगार दुसऱ्या.

बोलायचं कधी? सणाच्या तोंडावर नको, त्यांना अडवल्यासारखं वाटेल. पाहुणे असताना नको. पहिल्या तारखेला, पगार हातात घेताना, उभ्यानं, पोळ्या झाल्यावर. शब्द साधे: "काकू, तीन वर्षं झाली. पुढच्या महिन्यापासून तीन हजार द्या. पुस्तकांचं मी विसरलेले नाही." मग थांबायचं. मधली शांतता आपणच भरून काढली की २,७०० वरच सौदा ठरतो, हे मी दुकानात शंभरदा केलंय.

त्या २,८०० म्हणाल्या तर आईनं घ्यावेत की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. दुसरं घर मिळतंय का, जिना किती चढावा लागतो, त्यांच्याकडे ओटा किती उंच आहे, हे तिला ठाऊक. कमरेचं दुखणं असेल तर बुटक्या ओट्याचं घर आधी सोडावं.

काय झालं ते कळव. अक्षर छान आहे तुझं.